गोळ्या मधेच सोडल्या तर खिशाला किती पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतोय, सोळा वर्षं झाली. काउंटरवर रोज जे प्रश्न येतात, बिल करताना, सुट्टे पैसे मोजताना, कधी कधी दुकान बंद करायच्या वेळी शटर अर्धं खाली असताना, तेच इथे एकत्र लिहिलेत. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाचा डोस कमी-जास्त करायचा सल्ला इथे मिळणार नाही. पैशाचा हिशोब मात्र नीट सांगतो, कारण औषधं मधेच सोडण्याने घरं कशी खाली बसतात ते मी दुकानातून पण बघितलंय आणि स्वतःच्या घरात पण.

मी तर गोळ्या घेतो की, कधीतरी चुकते फक्त. त्याला पण "औषधं न घेणं" म्हणायचं का?

महिन्यातून एखादी चुकली तर लगेच घाबरू नका. पण "कधीतरी" म्हणजे किती ते एकदा मोजून बघा. तीस गोळ्यांचं औषध नेलं आणि पंचेचाळीस दिवसांनी परत आलात तर पंधरा दिवस गेले कुठे? मला दुकानात हे बिलाच्या तारखेवरून कळतं, माणूस मात्र शपथेवर सांगतो की रोज घेतो, आणि तो खोटं पण बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं.

प्रकार खूप आहेत. चिठ्ठी घेतली पण औषध आणलंच नाही. पाच औषधांतली तीनच घेतली, "महागाचं राहू द्या". सकाळ-संध्याकाळची गोळी फक्त सकाळी. बरं वाटलं की बंद, डोकं दुखलं की चालू. शेजारणीला लागू पडली म्हणून तिचीच गोळी. या सगळ्याचा खर्च शेवटी एकाच ठिकाणी निघतो.

एक दिवसाआड घेतली तर महिन्याचा खर्च अर्धा होतो ना?

गोळ्यांचा होतो. बीपीची साधी गोळी ३ रुपयांना पडते असं धरू, म्हणजे वर्षाचे १,०९५ रुपये. एक दिवसाआड घेतली तर वर्षाला साधारण साडेपाचशे रुपये वाचले, महिन्याला ४५. आणि बीपी रोजचं आहे, ते काही एक दिवसाआड येत नाही. बहुतेक गोळ्यांचा असर एक दिवस पुरेल असाच ठरवलेला असतो, दुसऱ्या दिवशी तुम्ही उघड्यावर.

एक रिक्षावाले दादा यायचे, नेहमी म्हणायचे "चारच द्या". मी कात्रीने पट्टी कापून द्यायचो, तारीख आणि नाव छापलेला तुकडा माझ्याकडे राहायचा आणि त्यांच्या हातात नुसत्या चार चकचकीत गोळ्या. चार दिवसांनी यायला हवेत, ते यायचे दहा दिवसांनी. मी विचारायचो, ते म्हणायचे धंदा नाही हो सध्या. असं दीड वर्ष चाललं. आता रिक्षा त्यांचा मुलगा चालवतो, कॉलेज सोडून, कारण वडिलांचा उजवा हात उचलत नाही. त्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च कुठल्या हिशोबात धरायचा सांगा. आता मी चार गोळ्या मागणाऱ्याला आधी विचारतो की पैशाची अडचण आहे का, असेल तर पूर्ण महिन्याचं न्या, पैसे नंतर द्या. उधारी बुडते कधी कधी, बुडू दे.

याचा कुणी मोठा हिशोब केलाय का, का हे नुसतं तुमचं म्हणणं?

केलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये यावर एक मोठा अहवाल काढला, त्यात असं आलं की विकसित देशांत सुद्धा दीर्घ आजाराच्या पेशंटांपैकी साधारण ५० टक्केच लोक औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे जिथे सगळ्या सोयी आहेत तिथे ही तऱ्हा. २०१८ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने युरोपाचा अंदाज दिला: औषधं नीट न घेतल्यामुळे वर्षाला जवळपास २ लाख अकाली मृत्यू आणि टाळता आले असते अशा अॅडमिशन, इमर्जन्सी आणि दवाखान्याच्या फेऱ्यांवर १२५ अब्ज युरो. अमेरिकेत २००९ मध्ये न्यू इंग्लंड हेल्थकेअर इन्स्टिट्यूटने वर्षाला २९० अब्ज डॉलरचा अंदाज काढला होता.

आकडे मोठे आहेत म्हणून डोळ्यावरून जातात. पण यातला बहुतेक पैसा औषधांचा नाहीये, औषध न घेतल्यावर जे करावं लागलं त्याचा आहे, हे लक्षात घ्या.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे लोक भरपूर आणि खिसा स्वतःचा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात देशात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक निघाले. बीपीचं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितलं: ३० ते ७९ वयाचे १८.८ कोटी भारतीय, त्यातल्या ३७ टक्क्यांनाच आपल्याला बीपी आहे हे माहीत, ३० टक्के उपचार घेतात आणि बीपी ताब्यात असलेले फक्त १५ टक्के. म्हणजे शंभरातले तीस जण उपचार घेतायत आणि त्यातल्या निम्म्यांचं बीपी तरीही वरच. सगळेच गोळ्या चुकवतात असं नाही, काहींचा डोसच कमी असतो, काहींचं मीठ सुटत नाही, पण चुकवणारे त्यात भरपूर आहेत हे मी काउंटरवरून सांगू शकतो.

आणि पैसे कोण देतं? २०२१-२२ च्या सरकारी हिशोबाप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून भरले. २०१३-१४ ला हेच ६४.२ टक्के होतं, म्हणजे सुधारणा आहे. पण युरोपातल्या माणसाने गोळी चुकवली तर बिल बरंचसं सरकार किंवा विमा भरतो, आपल्याकडे सोनं गहाण पडतं.

बीपी चेक केलं, १२०/८० आलं. आता गोळी कशाला?

गोळीमुळेच १२०/८० आलंय. गेल्या सोळा वर्षांत हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला असेल आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच दिलंय. पंप चालू आहे म्हणून विहिरीचं पाणी खाली आहे, पाणी खाली गेलं म्हणून पंप बंद केला तर काय होईल ते शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. वजन उतरलं, खाणं बदललं तर काही जणांचा डोस कमी होतो, अगदी बंद पण होतो, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मशीनवरचा एक आकडा बघून आपण नाही.

शुगरचं अजून अवघड, कारण ती वाढली तरी कित्येक महिने काही दुखत नाही. रिपोर्टच्या आदल्या आठवड्यात गोड बंद करून, गोळ्या वेळेवर घेऊन उपाशीपोटीची शुगर चांगली आणणारे लोक आहेत, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट खरं काय ते सांगते.

गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात, ते खरं का?

हा प्रश्न आला की मला वडील आठवतात.

वडील गावी शेतावर, मी तालुक्याला. बीपीच्या दोन गोळ्या, दिवसाला दोन्ही मिळून ८ रुपये. दर महिन्याला मीच पिशवी द्यायचो, आणि ते घ्यायचे, ठेवायचे. पारावर कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्या किडनी खातात. त्यांनी कुणाला न बोलता बंद केल्या. तीन महिने. मी फोनवर विचारायचो "गोळी घेतली का", ते म्हणायचे "हो रे". एका पहाटे गोठ्यात धारेला बसले ते उठलेच नाहीत, आईने हाक मारली तर तोंड वाकडं आणि डावा हात लुळा. ११ दिवस अॅडमिट, त्यातले ४ आयसीयूत. बिल, एमआरआय, बाहेरून आणलेली औषधं धरून २ लाख १० हजार. नंतर आईने कपाटातून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली, त्यात पंधरा-पंधरा गोळ्यांच्या बारा पट्ट्या होत्या, एकही गोळी फोडलेली नाही. नव्वद दिवस, दोन गोळ्या, ७२० रुपये. ते पण वाचले नाहीत, कारण गोळ्या तर विकत आणलेल्याच होत्या.

आता उत्तर: किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं म्हणजे ताब्यात नसलेली शुगर आणि ताब्यात नसलेलं बीपी. त्याची गोळी किडनी वाचवायला असते. किडनीला खरंच त्रास देणाऱ्या गोळ्या वेगळ्या, अंगदुखीच्या, ज्या लोक बिनधास्त रोज घेतात, चिठ्ठी न घेता. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं पेनकिलर आणि किडनीच्या भीतीने बीपीची गोळी बंद, असे पेशंट मला आठवड्याला भेटतात. काही औषधांना अधूनमधून किडनीची रक्ततपासणी करून डोस बघावा लागतो, तेवढी करून घ्या. मनात शंका असेल तर विचारा, मला विचारा, डॉक्टरांना विचारा, दहा वेळा विचारा, पण गुपचूप बंद करू नका.

दवाखान्याचं बिल सोडलं तर अजून काय खर्च असतो?

बिल तर निदान एकदा भरून संपतं.

माझ्या वडिलांच्या वेळी भाऊ पुण्याहून आला, कंपनीतून महिनाभर बिनपगारी रजा. आईचं सगळं लक्ष वडिलांकडे, म्हशीकडे बघायला कोणी नाही म्हणून म्हैस विकली, दुधाचे रोजचे पैसे बंद. घरी येऊन फिजिओथेरपी, एका वेळचे ३५० रुपये, आठवड्यात पाच दिवस, चार महिने. तो हिशोबच २८ हजारांच्या आसपास जातो. कमोडची खुर्ची, वॉकर, एअर बेड. त्या वर्षी सोयाबीन वेळेवर काढायला माणूस नव्हतं. हे कुठल्याच बिलात लिहिलेलं नसतं.

रोजंदारीवरच्या माणसाचं तर अजून वाईट, त्याचा खाडा पडला की त्या दिवसाची भाकरी गेली, आणि पेशंटसोबत एक जण थांबतोच म्हणजे दोघांचे खाडे. डायलिसिसचं बघा. आठवड्यातून दोनदा धरलं तरी वर्षाला १०४ फेऱ्या, काहींना तीनदा लागतं, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर. जिल्हा रुग्णालयात २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गरिबांना डायलिसिस फुकट मिळतं, खूप मोठी सोय आहे ती, पण एसटीचं भाडं दोघांचं, डबा, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस कायमचे गेले. त्या माणसाला कामावर कोण ठेवणार?

मालकांचंही नुकसान होतं, सरकारचंही होतं, तेवढाच पैसा लसीकरणाला, बाळंतपणाला वापरता आला असता. पण सगळ्यात आधी घर खाली बसतं, आणि घरात सगळ्यात आधी मुलीचं शिक्षण थांबतं, हे मी बघितलंय.

सरकारी योजनेत पाच लाखांपर्यंत फुकट आहे, मग एवढी काळजी कशाला?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आधी दीड लाख होते. चांगली योजना आहे, कितीतरी लोक तिच्यामुळे वाचलेत. पण ती ठरलेल्या आजारांसाठी आणि ठरलेल्या दवाखान्यात, मुख्यतः अॅडमिट झाल्यावर. पॅरालिसिस झालेल्याला पहिल्या काही तासांत जो दवाखाना जवळ असेल तिथे न्यावं लागतं, तो योजनेत असेलच असं नाही. मेंदूत रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा योजनेचं बोर्ड शोधत कोण फिरणार. आणि हात परत उचलायला लागेल की नाही याची हमी कुठल्याच योजनेत नाही.

मेडिक्लेम आहे माझा.

साध्या पॉलिसीत रोजच्या गोळ्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, अॅडमिट झाल्याचे मिळतात. पॉलिसी काढताना बीपी-शुगर आहे हे लपवू नका, क्लेम तिथे अडकतात. "गोळ्या घेत नाही म्हणजे आजार नाही, मग लिहायचं कशाला" असं म्हणणारे भेटलेत मला. दवाखान्यात गेल्यावर जुनी हिस्टरी डॉक्टर विचारतात आणि पेपरवर लिहितात.

टीबीची औषधं दोन महिन्यांत बरं वाटल्यावर बंद केली तर काय होतं?

खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं, आणि माणूस म्हणतो झालं. आत जंतू शिल्लक असतात. साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. मधेच सोडली आणि टीबी परत आला, त्यात जंतूंनी नेहमीच्या औषधांना दाद देणं बंद केलं, की मग एमडीआर. त्याची औषधं कित्येक पट महाग, बराच काळ हा उपचार दीड ते दोन वर्षं चालायचा, इंजेक्शनं असायची, काहींचं ऐकू येणं कमी झालं. आता २०२४ पासून देशात सहा महिन्यांचा नवीन कोर्स मंजूर झालाय, पण तो सगळ्यांनाच चालत नाही. आणि तोपर्यंत तो खोकलेला माणूस घरातल्या लहान पोरांना तोच न दबणारा टीबी देऊन बसलेला असू शकतो. हा आजारच असा की तुमच्या चुकवलेल्या गोळीचा खर्च शेजारच्याने भरायचा.

पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. पैसे आले नाहीत तर पाठपुरावा करा, लाजू नका, तुमचा हक्क आहे. हेल्पलाइन १८००-११-६६६६.

आमच्या भागातून ऊसतोडीला जोड्या जातात, दिवाळीच्या आसपास निघतात ते पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. तिथे गेलं की उपचार सुटतो, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस दवाखान्यात गेलं तरी खाडा कापतात. त्यांना मी हेच सांगतो की निघायच्या आधी सरकारी दवाखान्यात सांगा, तुमचा निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर, देशभर चालतो, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून औषध चालू ठेवता येतं. चिठ्ठीचा आणि आयडीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागद कोपीत भिजतो.

म्हणजे सगळा दोष पेशंटचाच?

नाही हो. उलट मला याचा राग येतो की सगळं पेशंटवर ढकलतात.

मुंबईत धारावीतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळे कोर्स लिहिले आणि बरोबर निघाले फक्त ६. आता पेशंटने इमानदारीत ती चिठ्ठी पाळली तरी काय उपयोग?

साधी चिठ्ठी बघा. ७२ वर्षांच्या आजींना आठ औषधं, त्यातली एक जेवणाआधी, दोन नंतर, एक रात्री, एक आठवड्यातून एकदा, हे सगळं एका मिनिटात इंग्रजीत सांगितलं आणि पुढचा पेशंट. आजी माझ्याकडे येऊन विचारतात "बाळा, ही पांढरी कशाची आणि ही पण पांढरीच, ही कशाची?" पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की पांढरीची गुलाबी होते, त्या म्हणतात ही माझी नव्हे, आणि घेत नाहीत. यात आजींची चूक कुठे आहे?

आम्हा मेडिकलवाल्यांचंही चुकतं. दुकानात गर्दी असली की पाकिटावर १-०-१ लिहून आम्ही मोकळे. मी आता ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो स्केच पेनने. पाच सेकंद लागतात.

गोळ्या परवडतच नाहीत, मग काय करायचं?

आधी हे डॉक्टरांना तोंडावर सांगा. "साहेब, महिन्याला एवढेच जमतात." बहुतेक डॉक्टर ऐकतात आणि स्वस्तातलं लिहून देतात, पण त्यांना कळलंच नाही तर ते तरी काय करणार. पाचातल्या दोन आपल्या मनाने वगळण्यापेक्षा "कुठली सगळ्यात महत्त्वाची" हे त्यांना ठरवू द्या.

दुसरं, जनऔषधी केंद्र. देशात दहा हजारांच्या वर झालीत, बऱ्याच तालुक्यांना आहेत. तिथे औषधं ब्रँडच्या मानाने ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त, कधी त्याहूनही. बीपीची नेहमीची एक साधी गोळी आहे, तिची दहाची पट्टी तिथे दहा रुपयांच्या आत मिळते. मी मेडिकलवाला असून हे सांगतोय म्हणून माझे दुकानदार मित्र चिडतात. चिडू देत.

तिसरं, सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार निःशुल्क आहेत. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात. कधी साठा संपलेला असतो हे मलाही माहितीये, लोक हात हलवत परत येतात, म्हणून घरची पट्टी संपायच्या आठ दिवस आधीच जा. कंपनीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर औषधं तिकडून मिळतात, कित्येकांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसतं.

जेनेरिक म्हणजे हलकं असतं ना?

औषध तेच असतं, नाव आणि जाहिरात वेगळी. भरवशाच्या ठिकाणाहून घ्या, बिल घ्या, सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बीपी किंवा शुगर तपासा, आकडाच सांगेल. फिटची आणि थायरॉईडची गोळी मात्र सारखी कंपनी बदलून घेऊ नका, बदलायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून.

उपवास आणि वारीच्या वेळी काय करायचं?

श्रावण आला की माझ्याकडची शुगरच्या गोळ्यांची विक्री कमी होते, रमजानमध्ये पण तेच. भाव समजू शकतो मी, माझी आई पण एकादशी सोडत नाही. फक्त उपवासाच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या, गोळीची वेळ बदलून मिळते, काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर एकदम खाली जाते, चक्कर येते, तेही धोक्याचंच. म्हणून मनाने बंद पण नको आणि मनाने चालू पण नको.

वारीला जाताना पंचवीस दिवसांच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्या पिशवीत, एक दिंडीतल्या सोबत्याकडे, कारण पिशवी हरवते, भिजते. इन्सुलिन वाल्यांनी थंड ठेवायची सोय आधी बघून ठेवा.

एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ का?

नको. आठवण झाली तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती राहू द्या आणि पुढचीच घ्या. रक्त पातळ करायच्या, फिटच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचं मात्र आधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

एकदम बंद करायच्याच नाहीत अशा कुठल्या?

फिटच्या. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या. बरेच दिवस चालू असलेल्या स्टिरॉईडच्या. डिप्रेशनच्या. आणि स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी, टाकल्यावरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, या तर अजिबात नाही. स्टेंटवर लाख-दीड लाख घातलेले असतात, कर्ज काढून, आणि चार महिन्यांनी "आता छाती दुखत नाही" म्हणून गोळी बंद, मग त्याच स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अटॅक. किती महिने चालवायची ते स्टेंट टाकणारे डॉक्टर सांगतात, तोपर्यंत दात काढायला गेलात तरी मनाने बंद करायची नाही, दातवाल्यांना सांगायचं आणि हार्टवाल्यांना फोन करायचा.

हे सुधारतं का कुठे? का नुसतं सांगत राहायचं?

सुधारतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीपीसाठी एक सरकारी उपक्रम सुरू झाला, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, सुरुवातीला पाच राज्यांत, आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत. काय केलं? फार भारी काही नाही. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमाने ठराविक गोळ्या द्यायच्या, महिन्याभराच्या एकदम द्यायच्या, गावाजवळच्या केंद्रात द्यायच्या, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा किंवा घरी जायचं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं पारितोषिक मिळालं. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात पटतं, न आलेल्याला कुणीतरी फोन करायचा. तेच बघून मी वही घातली. कुणाची पट्टी कधी संपणार ती तारीख लिहितो आणि तीन दिवस आधी मेसेज टाकतो, "काका, गोळ्या संपत आल्या, माझ्याकडून नाहीतर कुठूनही घ्या".

आमच्या घरचं म्हातारं माणूस ऐकतच नाही, काय करू?

"घेतली का" विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं, मी तीन महिने ते "हो" ऐकलंय. पट्टी बघा. आज किती तारीख आणि पट्टीत किती शिल्लक, एवढं मोजा. रागावून नाही, सहज. न घेण्यामागे काहीतरी असतं, कुणाला सारखी लघवी लागते म्हणून प्रवासात गोळी नको असते, कुणाला कोरडा खोकला येतो, कुणाला मुलाचे पैसे जातात याचं वाईट वाटतं, कुणी पारावर काहीतरी ऐकलेलं असतं. ते बाहेर येईपर्यंत बसा त्यांच्याजवळ. खोकला आणणारी गोळी बदलून मिळते, लघवीच्या गोळीची वेळ बदलून मिळते. तीन-चार गोळ्यांची मिळून एक गोळी असते का ते डॉक्टरांना विचारा. सात कप्प्यांचा डबा शंभर-दीडशेला मिळतो.

वडील आता काठी घेऊन अंगणात फिरतात, डावा हात अजून अर्धाच उचलतो. डबा मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलाय, पूजा झाली की आई त्या दिवसाचा कप्पा उघडते आणि त्यांच्या तळहातावर दोन्ही गोळ्या ठेवते, आणि ते पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहते.